संत्र्याच्या रंगाचे तीन हात

पहिला हात

रंगाच्या दुकानात तिने शेड कार्डाच्या कोपऱ्यातल्या संत्र्याच्या रंगाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं, आणि शेजारून आणखी एक बोट तिथेच येऊन टेकलं. नखात वाळलेला निळा रंग.

"तुम्हालाही हाच हवाय?" ती दचकली.

"छे, मी रंगारी. तुमचं बोट इतकं थरथरत होतं, म्हटलं ठिपका निसटेल."

ती हसली नाही. आई दहा दिवस मावशीकडे गेली होती, आणि आईच्या क्रीम रंगाच्या स्वयंपाकघराला तिने न विचारता हात घालायचं ठरवलं होतं. त्या घरात आईच्या परवानगीशिवाय चमचाही जागा बदलत नसे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना 'हे बरं दिसतं की ते?' विचारणारी ही मुलगी स्वतः कधीच काही निवडत नसे. आई तिला भित्री भागूबाई म्हणायची. लाडाने… पण खोटं नव्हे.

"भिंती संत्र्याच्या रंगाच्या, कपाटं मोरपंखी," ती एका दमात म्हणाली. "कराल?"

त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं — आणि मिटलं.

"करीन."

दुसरा हात

"नीट उभ्या राहा, चौकट ओली आहे."

"कुठे?"

"आता तुमच्या कोपरावर."

रोज संध्याकाळी आईचा फोन. "कसला गं आवाज?"

"टीव्ही, आई."

त्याचा रोलर हवेतच थांबायचा. श्वाससुद्धा. फोन ठेवला की दोघं एकदम सुस्कारा सोडत… आणि एकमेकांकडे बघत राहत, जरा जास्तच वेळ. ही धडधड आईच्या भीतीची, असं ती स्वतःला समजावी.

तिसरा हात, अर्धाच झालेला

नवव्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात शिरली आणि उंबऱ्यातच थबकली. कार्डावरचा गोड ठिपका भिंतींवर नुसता ओरडत होता. तेवढ्यात फोन. "आजच निघालेय गं. तासाभरात पोचते."

"हा तो रंग नाहीच!" ती रंगाऱ्यावर खेकसली.

"तोच आहे. नखाएवढा असताना गरीब दिसतो, भिंतभर झाला की अंगावर येतो. आम्हा रंगाऱ्यांना ठाऊक असतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने रोलर खाली ठेवला. "मी सांगितलं असतं तर तुम्ही क्रीम घेतला असता. दोन दिवसांचं काम. हा तीन हात मागतो, प्रत्येक हात वाळू द्यावा लागतो… बोट एवढं थरथरत होतं, तरी तुम्ही काढलं नव्हतंत. मला अशा बाईच्या घरी जास्त दिवस हवे होते."

"इथे माझा जीव जायची वेळ आलीय, आणि तुम्हाला दिवस हवे होते?"

"चुकलं माझं. क्रीमचा डबा आणलाय. दारासमोरची भिंत तरी झाकतो. मग मी पुन्हा दिसणार नाही."

त्याने झाकण उचकटलं. आत तोच जुना, शहाणा क्रीम. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उद्या या चौकटीत कुणी नसेल… ही भीती आईच्या भीतीहून मोठी निघाली.

तिने झाकण दाबून बसवलं.

"आई ओरडतील," तो म्हणाला.

"ओरडू दे. पळायचं नाही."

"मीही घाबरलोय हो."

"मग माझ्या शेजारी उभं राहून घाबरा."

बेल वाजली. दारात आई, हातात बॅग.

"आई —" तिचा आवाज चिरकला. "स्वयंपाकघर रंगवलंय. भडक. तुला न विचारता. आणि हा… मला आवडतो."

"रंग?"

"तोही."

आई आत आली. भिंतीकडे पाहिलं, कपाटांकडे पाहिलं, मग रंगाऱ्याकडे. पाहतच राहिली.

"भिंतीचं मी नंतर बघते," बॅग खाली ठेवत आई म्हणाली. "आधी याला खुर्ची दे. पाय लटपटतायत त्याचे."