पासष्टच्या आत

तळवली गावच्या मैदानात त्या शनिवारी दोन ढोल होते, तीन ढोलक्या, एक बेंजो, चार भोंगे, एकशे बारा खुर्च्या आणि खाली सतरंजीवर बसलेली साधारण दोनशे माणसं. साधारण म्हणते, कारण लहान मुलं एका जागी बसत नव्हती. मैदानाला लागून नव्या सोसायटीची भिंत होती, आणि भिंतीच्या अलीकडे, तिपाईवर आवाज मोजायचं मीटर लावून, मी.

सत्त्याण्णवचा मे महिना. बी.एस्सी. होऊन नेरूळच्या एका प्रयोगशाळेत लागून मला पाच महिने झाले होते. तळवली, गोठिवली आणि घणसोली या तीन गावांनी मिळून लोकगीतांचा उत्सव भरवला होता. तीन शनिवार, तीन गावं. शेजारच्या नव्या सोसायट्यांनी आवाजाची तक्रार केली, पुष्कळ भांडणं झाली, आणि शेवटी एक तह ठरला. शेवटच्या शनिवारी, घणसोलीत, रात्री नऊच्या आत, कार्यक्रम चालू असताना, भिंतीपाशी एकदा तरी सलग पंधरा मिनिटांची सरासरी पासष्ट डेसिबलच्या आत आणून दाखवायची. नाही आली, तर पुढच्या वर्षीपासून उत्सव बंद. तळवली आणि गोठिवलीचे शनिवार नुसते सरावाचे.

"हॅलो... हॅलो... माईक टेस्टिंग!"

कुणीतरी वाकून मीटरच्या तोंडाशीच बोललं. काटा टुणकन उडाला.

"हा माईक नाही," मी म्हटलं.

"मग काय हाय?"

"मीटर. तुम्ही आत्ता ब्याऐंशी आलात."

"शंभरपैकी?" त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे फर्स्ट क्लास! बारावीला बावन्न होते मॅडम, घरी सांगायला पाहिजे."

गळ्यात ढोलकी, उजव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या, कानामागे पेन्सिल. नाव नंदकिशोर. गाव घणसोली, नोकरी रबाळ्याच्या कारखान्यात फिटरची. हे सगळं मी विचारलं नव्हतं. मी फक्त "बाजूला व्हा" एवढंच म्हटलं होतं.

तो बाजूला झाला. दीड पाऊल.

त्या दिवशी भिंतीपाशी सरासरी चौऱ्याहत्तर आली.

पुढच्या शनिवारी गोठिवलीला मी पोचले, तर तो आधीच भिंतीपाशी उभा. हातात पानात गुंडाळलेले ताडगोळे.

"घ्या. सकाळी काढलेत."

"मी कामावर आहे."

"मीटर कामावर हाय. तुमी उभ्या हाव नुसत्या."

मी एक घेतला. गार पाणी बोटांवरून वहीवर सांडलं आणि चौथ्या रकान्यातली शाई पसरली. त्यानं खिशातला रुमाल काढला, माझ्या हाताकडे पाहिलं, मग वहीकडे... आणि रुमाल वहीवर टेकवला. माझा हात तसाच ओला राहिला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "भोंगा लांब नेला तर आवाज किती कमी होतो?"

"अंतर दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल."

"आणि मानूस लांब गेला तर?"

"माणसाचं माहीत नाही. मोजलेलं नाही."

"मग मोजा कधीतरी," असं म्हणून तो ढोलकी सारखी करत निघून गेला. मंचावर पोचेपर्यंत दोनदा वळून पाहिलं त्यानं. दोनदाच. मी पाहत होते.

उत्सवाची एवढी काळजी त्याला का, ते मध्यंतरात कळलं. त्याची काकी सत्यभामा ही धवलारीण. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे ते लांब सुरातलं लग्नगीत, तिनं म्हणायचं. पण आता लग्नाला बेंजो बोलावतात, धवलारणीला कुणी विचारत नाही. वर्षभरात ती गाते ती या तीन शनिवारीच.

"हेपन बंद झाला, तर काकी गप बसेल कायमची," तो म्हणाला. पहिल्यांदाच हसू नव्हतं तोंडावर.

त्या दिवशी एकाहत्तर.

सोमवारी प्रयोगशाळेत नाझियाला मी ताडगोळ्यांची गोष्ट सांगितली. नाझिया म्हसळ्याची, माझ्या शेजारच्या टेबलावर पाणी तपासते, आणि माणसंही.

"वैष्णवी, ऐक ना," ती म्हणाली. "आकडा तुझ्या हातात. आणि तो मुलगा आकड्याच्या भोवती फिरतोय. त्याला तू आवडतेस की मीटर?"

"मी जे येईल तेच लिहिणार."

"ते मला माहितीय गं. त्याला माहितीय का?"

 तो आठवडा लांब गेला. वाशीच्या मार्केटातून वडिलांनी, आप्पांनी, आणलेल्या हापूसच्या पेटीतले आंबे मी दोनदा मोजले, आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.

तिसरा शनिवार. घणसोली. भिंतीच्या अलीकडे, मैदानाच्या कडेला, बांबूंवर सतरा गोधड्या टाकलेल्या होत्या. पावसाळ्याआधी आमच्याकडे साताऱ्यालाही गोधड्या, आमच्या वाकळी, धुतात, त्यामुळे मी त्या मोजल्या आणि विसरले. सोसायटीचे सेक्रेटरी नामदेवराव खुर्ची घेऊन माझ्याशेजारी बसले होते. "मला बाकी काही नको, आकडा पाहिजे," एवढंच ते दर पाच मिनिटांनी म्हणत.

साडेसात ते पावणेआठ. सरासरी त्रेसष्ट.

उत्सवाचे अध्यक्ष भगवानकाका पेढ्याचा बॉक्स घेऊनच आले. जणू तो आधीच आणलेला होता! मैदानात शिट्ट्या वाजल्या. मीही हसले, आणि त्याला शोधलं.

नंदकिशोर हसत नव्हता. गोधड्यांना वळसा घालून तो सरळ माझ्याकडे आला.

"मॅडम, संध्याकाळी ओल्या गोधड्या कोन वाळवतं?"

मी वर पाहिलं. गोधड्यांमधून पाणी ठिबकत होतं. सतरा गोधड्या, तीन पदरी, बरोबर भोंगे आणि मीटर यांच्या मधे. मी मोजलं होतं... आणि पाहिलं नव्हतं.

"भगवानकाकाने लावल्यात. मना आत्ता कळला," तो हळू म्हणाला. "तो आकडा खोडा."

"खोडला तर उत्सव जाईल."

"माहीत हाय."

"मग कशाला सांगितलंत?"

त्यानं चिकटपट्टीचं टोक सोलत खाली पाहिलं. "तुमी हा कागद सही करून देनार. उद्या कुनी गोधड्यांचा विषय काढला तर नाव तुमचं जाईल... तसा नको मना."

भगवानकाकांचा पेढा हातातच राहिला. "नंद्या! तू आमचा का त्यांचा?"

"तुमचाच. म्हनून सांगितला."

मी त्रेसष्टवर आडवी रेघ मारली आणि शेजारी कारण लिहिलं. गोधड्या उतरवल्या. काटा एकाहत्तरवर जाऊन बसला. नामदेवरावांनी घड्याळ पाहिलं. "आठ वाजून दहा मिनिटं. नऊपर्यंत तुमची वेळ आहे. मी शब्द फिरवत नाही."

"भोंगे बंद करा," मी म्हटलं.

"मग मागच्यांना ऐकू कसं येनार?" भगवानकाका ओरडले.

"मागच्यांना पुढे बसवा."

"आनि सत्यभामा? तिला माईकशिवाय..."

"मी कवा मागितलेला माईक?" मंचावरून काकीचाच आवाज आला, भोंग्यातून, कर्रर्र करत. "तूच आनून ठेवलास तोंडासमोर! त्यातून माझा आवाज मनाच ओळखू येत नाय."

लोक हसले. नंदकिशोरनं मंचामागे जाऊन वायरी काढल्या. खुर्च्या पुढे सरकल्या, सतरंज्या ओढल्या गेल्या, लहान मुलं मांडीवर आली. ढोल, ढोलकी, बेंजो खाली ठेवले; शेवटी फक्त धवले. धवल्याला ढोलकी लागत नाही. म्हणून तो रिकाम्या हातानं पुन्हा माझ्याजवळ आला.

आठ त्रेचाळीस. दर अर्ध्या मिनिटाला एक नोंद. मीटरजवळ कुणी बोलायचं नाही, असं मी बजावलं.

काकीनं सूर लावला. हळदीचा धवला. मैदान इतकं गप्प झालं की तिचा श्वास घेतलेलाही कळला. सत्तावन्न. अठ्ठावन्न.

नंदकिशोरनं कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "लिहिलेलं चालेल?"

मी वही दोन बोटं त्याच्याकडे सरकवली.

"पुढच्या शनिवारी मीटर कुठे?"

"तुर्भ्याला, दगडखाणीवर," मी लिहिलं.

"आणि तुम्ही?"

"मीटरबरोबर."

त्यानं पेन्सिल चावली. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या बायकांनी काकीची ओळ उचलली. मग मागच्या. मग पुरुष. इतकी वर्षं भोंग्यापुढे गप्प बसलेली माणसं गाऊ लागली होती. चौसष्ट. पासष्ट. सहासष्ट. भगवानकाका दोन्ही हातांनी "हळू, हळू" करत होते, आणि गात होते.

 पुढची नोंद सदुसष्ट.

"रविवारी?" त्यानं लिहिलं.

"मीटरला सुट्टी."

"तुम्हाला?"

"मलाही."

"मग नेरूळला येऊ?"

मी नोंद केली. सहासष्ट. मग लिहिलं: "कशाला? आकडा तर आज कळेल."

 त्यानं एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, खोडली. मग कान लाल करून, अगदी बारीक अक्षरात: "तुम्ही मला आवडता. आकडा काहीही येवो. यात गोधडी नाही."

आणि मी हसले. खुदकन नाही... मोठ्यानं, खळखळून, मीटरपासून दीड फुटावर. नामदेवराव खुर्चीतून उठले. मी तोंडावर हात दाबला, डोळ्यांत पाणी, आणि तरी नेमकी नोंदीचीच वेळ झाली होती, म्हणून काट्यावर जे दिसलं ते लिहिलं.

तो घाबरून माझ्याकडे पाहत होता. मी त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. बोटांना बोटं लागली... चिकटपट्टी खरखरीत होती. त्याच्या ओळीखाली मी लिहिलं: "रविवार. संध्याकाळी साडेपाच. नेरूळ स्टेशनबाहेर, उसाच्या रसाचं दुकान. मलाही."

शेवटचे दोन शब्द त्यानं तीनदा वाचले.

मैदानात पाठवणीचा धवला सुरू झाला होता. आता काकी एकटीच गात होती. बाकीच्या बायका पदर डोळ्यांना लावून गप्प होत्या. आठ अठ्ठावन्नला मी तिसावी नोंद केली, बेरीज केली, पुन्हा केली, आणि वही नामदेवरावांसमोर धरली.

नोंदी: तीस. सरासरी: चौसष्ट डेसिबल. कमाल: अठ्ठ्याहत्तर, नवव्या मिनिटाला. स्रोत: निरीक्षक.