भर दुपारचा हुंकारा

ही घटना मोशीत घडली. खोटी वाटत असेल त्यानं खुशाल हसावं. हसणारे तेव्हाही होते.

गवराबाईच्या थोरल्या लेकीचं, सगुणाचं लग्न ठरलं, ते एकोणीसशे पंचावन्न साल. वैशाखातली भर दुपार. लग्न उद्यावर आलेलं. ओसरीवर बायका शेवया करत बसल्या होत्या.

गवराबाईचं लक्ष मात्र चाकणच्या वाटेकडे. तिचा एकुलता भाऊ हिंदुराव यायचा होता. मामाशिवाय नवरीला बोहल्यावर आणणार कोण?

इतक्यात पुतण्या मुरारी पुस्तक घेऊन आला. पिंपरीच्या कारखान्यात लागल्यापासून त्याला शिंगं फुटली होती.

"भुताची कादंबरी हाय, काकू. मागचा भाग न्हाई, पुढचा न्हाई. हितंच सुरू, हितंच खलास. एकदा बसलेला माणूस शेवट ऐकल्याबिगर उठत न्हाई."

"कामधंदा नसलेला बसत असंल," गवराबाई म्हणाली. "आन् दिवसाढवळ्या गोष्ट सांगू नये. मामा वाट चुकतो."

"झालं यांचं सुरू! अडाणी बाजार."

तो वाचू लागला. म्हातारी अंबूबाई रीतीप्रमाणे हुंकारा देऊ लागली. कुणी "हं" म्हटल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही.

ओसाड बंगला. पांढरं लुगडं नेसलेली बाई...

बायकांचे हात थांबले.

"पांढरं लुगडं बघून भ्यायचं?" गवराबाई फणकारली. "मग आळीतल्या विधवांना बघून रोज भ्या की!"

"म्हंजे मलाच की गं," अंबूबाई म्हणाली.

कुणी हसलं नाही. सगळ्यांना पुढचं हवं होतं. भीती फुकट मिळते म्हटल्यावर माणसं हातातलं काम टाकून बसतात!

पाणी संपत आलं, म्हणून अंबूबाई घागर घेऊन नदीवर गेली.

मुरारीनं पान उलटलं. एक वाक्य वाचलं.

"हं..."

जाड, पुरुषी आवाज.

ओसरीवर मुरारीशिवाय पुरुष नव्हता.

"मग?..."

गवराबाईचा चेहरा उजळला. तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. "आला गं माझा हिंदुराव!" पाण्याचा तांब्या घेऊन ती दारात धावली.

गल्ली रिकामी...

उंबऱ्याबाहेर जोडे नाहीत. धुळीत पाऊल नाही.

"कुणीतरी चेष्टा करतंय," मुरारी म्हणाला, आणि पुढचं वाक्य मुद्दाम मोठ्यानं वाचलं.

"हं..."

या वेळी आवाज शेवया वाळत टाकलेल्या बाजेपाशी आला होता.

मुरारीनं पुस्तक मिटलं.

"पुढं?..."

बायका उठून पळाल्या. मुरारीही निघाला, पण गवराबाईनं त्याचं मनगट धरलं.

"बस खाली."

"काकू, सोड मला..."

"मघाशी लई शहाणा हुतास! माझ्या भावाला अर्ध्या गोष्टीत अडकवून पळतोस व्हय रं? शेवट हितंच हाय म्हनलास न्हवं? वाच!"

तो वाचत राहिला. प्रत्येक वाक्याला हुंकारा येत होता. गवराबाई बाजेपाशीच्या रिकाम्या जागेकडे बघत बसली होती. काय ती भिकार गोष्ट! ज्या भावानं कधी कीर्तन पुरतं ऐकलं नाही, तो असल्या गोष्टीला खिळून बसला होता.

शेवटचं वाक्य झालं.

हुंकारा आला नाही.

"हिंदुराव?..."



ऊन कलताना हिंदुरावाचा शेजारी चिमाजी चाकणहून आला. दारातच थांबला. पुढं केलेला तांब्या त्यानं घेतला नाही, तेव्हाच गवराबाई मटकन खाली बसली.

"माझ्यामुळं मामा वाट चुकला," मुरारी हुंदके देऊ लागला.

चिमाजीनं मान हलवली. "कसली वाट? घरातनं निघालाच न्हवता तो."

सगुणाचं लग्न पुढं गेलं. त्या दुपारबद्दल कुणी विचारलं, की गवराबाई थुंकायची. "भुतं ऐकाया ग्वाड लागत्यात न्हवं? मग ऐका जा तिकडं!" पण जवळपास कुणी गोष्ट सांगायला लागलं, की ती आपली उठून जायची. आणि जाताना, न चुकता, मागं वळून बघायची...

हिंदुराव त्याच दिवशी सकाळी चाकणला, आपल्या घरात, न्याहारीला बसला असताना वारला. मुरारीनं पुस्तक उघडलं, ते दुपारी.