बावीस नंबरची शेवटची बस

मेलबर्नजवळच्या वेरिबीतली ऑगस्टची थंडी तशी जीव घेणारी नसते, पण तिथली घरं बांधणाऱ्यांनी ती कधी अनुभवलेलीच नसावी. विश्राम सकाळी हीटरपाशी पाय घेऊन, अंगावर बायकोची शाल ओढून लॅपटॉपसमोर बसायचा. मेलबर्नचा दुसरा लॉकडाऊन चालू होता. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, दिवसातून एक तास काय ते पाय मोकळे करायचे. बायको विनीता आतल्या खोलीतून कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायची, आणि विश्राम बाहेरच्या खोलीतून उत्तर इंग्लंडातल्या बस बंद करायचा.

त्याचं कामच ते होतं. पुण्याहून इंजिनिअर होऊन तो इंग्लंडात गेला, बसचे मार्ग आखणाऱ्या एका कंपनीत रमला. पुढे ऑस्ट्रेलियात आला तरी कंपनीने त्याला सोडलं नाही. आता उत्तर इंग्लंडातल्या एका काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, कंपनीला 'भविष्यातली बससेवा' आखून मागितली होती. नावात भविष्य आणि हातात कात्री. सरकारच लोकांना सांगत होतं, शक्यतो बसमध्ये चढू नका, आणि तेच सरकार विचारत होतं, बस रिकाम्या का धावतात. तात्पुरती बंद केलेली बस पुन्हा सुरू होत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकजण अहवालात 'तात्पुरती' हाच शब्द लिहीत होता.

बावीस नंबर अशीच एक. जिल्ह्याच्या हॉस्पिटलपासून निघून माळ ओलांडत समुद्रकाठच्या लहानशा गावात जाणारी. तिची शेवटची फेरी यामिनीची होती.

यामिनी म्हणजे विश्रामची धाकटी बहीण. राहायला त्या समुद्रकाठच्या गावात, आणि हॉस्पिटलात डॉक्टर होती, मार्चपासून कोविडच्या वॉर्डात. आईवडील गेल्यावर दोघांना एकमेकांशिवाय रक्ताचं कुणी उरलं नव्हतं, आणि ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्यापासून दोघांच्या मध्ये अख्खी पृथ्वी आडवी पडली होती. तिकडे रात्री तिची ड्युटी संपायची तेव्हा इकडे विश्रामचा सकाळचा चहा व्हायचा. ती स्टॉपवरून फोन करायची आणि तो लॅपटॉपवर नकाशा उघडून बसचा निळा ठिपका तिच्याकडे सरकताना बघायचा. बस आली की ती म्हणायची, "येते रे." निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे आईने दोघांच्या अंगात मुरवलं होतं. अशा वेळी भावाने 'ये' म्हणावं, पण धाकटीला अहोजाहो करून चिडवायची विश्रामची लहानपणापासूनची खोड. तो म्हणायचा, "या, बाईसाहेब." ती हसून फोन ठेवायची.

बावीस नंबर कापायची वेळ आली तेव्हा त्याने तिला आधी विचारलं होतं. ती म्हणाली खुशाल काप, वॉर्डातली एक मैत्रीण गाडीने सोडेल. त्याने कापली.

बस बंद झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी निळा ठिपका हॉस्पिटलपासून निघाला.

विश्रामला आश्चर्य वाटलं नाही. जुनी माहिती साचून राहते, मेलेले ठिपके दोन-चार दिवस फिरतात. तरी त्याने डेपोत फोन लावला. तिथल्या माणसाने खिडकीतून बघून सांगितलं की बावीस नंबर समोरच उभी आहे, बॅटरीसुद्धा काढून ठेवली आहे. तेवढ्यात यामिनीचा मेसेज आला. बस मिळाली.

त्याने लगेच फोन केला. ती नेहमीसारखीच दमलेली होती. मैत्रीण आजारी पडली म्हणाली, पण अडलं नाही, बस आली की. उलट आज भरलेली आहे.

"भरलेली? कोण आहे?"

"आहेत रे. म्हातारे जास्त. मास्क कुणालाच नाही, पण खोकत कुणीच नाही. दोघंतिघं ओळखीचे वाटतात. माझ्या वॉर्डात होते बहुतेक."

"बरे होऊन गेलेले?"

फोनमध्ये तिच्या पाठीमागे इंजिनाची घरघर नव्हती, टायरचा आवाज नव्हता. खोल विहिरीत डोकावल्यावर कानांना जाणवते तशी शांतता होती.

रोज तेच होऊ लागलं. स्टॉपवरून फोन नाही, नुसते मेसेज. बस मिळाली, मग तासाभराने पोचले. एकदा ती सहज म्हणाली की या बसमधून कुणी उतरतच नाही. विश्रामचं कामातलं लक्ष उडालं. विनीता म्हणायची, अरे, ती सुखरूप पोचतेय ना, मग कशाला जिवाला घोर लावून घेतोस. तिचंही बरोबरच होतं.

शेवटी त्याने चित्रलेखाला फोन केला. ही यामिनीबरोबर घर भाड्याने घेऊन राहणारी नागपूरची मुलगी. चित्रलेखाच गोंधळली. यामिनी आठवडाभर घरी आलेलीच नव्हती. तिची खोली तशीच होती, फ्रिजमधलं तिचं दूध नासून गेलं होतं. चित्रलेखाला वाटलेलं, ती हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहत असेल.

मग ती रोज पोचत होती कुठे?

हॉस्पिटलचा फोन नुसता वाजत राहिला. पोलिसांना फोन करून काय सांगायचं? माझी बहीण बंद पडलेल्या बसने घरी जाते? विमानं नाहीत, परवानगी नाही, पाच किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. विश्राम डोकं धरून बसला. त्याच्या हातात एकच गोष्ट होती. तिला त्या बसमध्ये चढू द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज येण्याआधीच त्याने फोन लावला. ती स्टॉपवर होती.

"यामे, ऐक. आज बसने जाऊ नकोस. हॉस्पिटलात परत जा. आत जाऊन दिव्याखाली बस."

"आत कशी जाऊ? ते दार आता माझ्यासाठी उघडत नाही." हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. "मला घरी यायचंय, दादा. फार दमलेय. त्या ड्रायव्हरला रोज सांगते, पण तो म्हणतो तिकडून कुणी बोलवायला हवं."

"मी चित्रलेखाला पाठवतो. दहा मिनिटं थांब, मी तिला..."

"आली बघ."

नकाशावर ठिपका स्टॉपवर येऊन थांबला होता.

"येते रे."

आणि इतक्या वर्षांची सवय. मन नको नको म्हणत असताना जीभ आपली चालली.

"या," विश्राम म्हणाला. 'बाईसाहेब' तेवढं राहून गेलं.

फोन बंद झाला.

ठिपका निघाला. माळावर आला. गावाकडे वळायचं सोडून सरळ गेला. जिथे रस्ता नाही तिथून गेला, किनाऱ्यावर जराही न थांबता समुद्रात शिरला आणि दिसेनासा झाला.

विश्राम तसाच उठला. शाल खाली पडली. विनीता मागून हाक मारत होती, निदान मास्क तरी घाल. तो अनवाणीच रस्त्यावर आला. का आला हे त्याला सांगता आलं नसतं. घरात श्वास घेता येत नव्हता एवढंच.

कोपऱ्यावर वेरिबी स्टेशनच्या बसचा थांबा होता. लॉकडाऊनमध्ये ती बस दिवसभर रिकामी फिरायची. आताही ती रिकामीच येत होती, काचांतून पलीकडची घरं स्वच्छ दिसत होती. त्याने हात केला नव्हता. तरी ती थांबली.

पुढचं दार लॉकडाऊनमुळे बंदच ठेवायचे. मागचं उघडलं. आतून समुद्राचा ओला वारा आला. वेरिबीच्या त्या कोपऱ्यापासून समुद्र चांगला लांब आहे.

कुणी उतरलं नाही.

ड्रायव्हर वयस्क सरदारजी होता. तो आरशात बघत होता, एखाद्या दमलेल्या माणसाला उतरायला लागेल तेवढा वेळ देत. मग त्याने शेजारची काच सरकवून विश्रामला हाक मारली.

"भाईसाहब, ज़रा हाथ दीजिए. मैडम से उतरा नहीं जा रहा."

विश्रामने दारात हात पुढे केला. त्याला दुसरं काही करताच आलं नसतं.

सॅनिटायझरने सालपटं निघालेली, बर्फासारखी बोटं त्याच्या बोटांत आली आणि घट्ट मिटली. ओळखीची बोटं. त्याला रडू फुटलं. बसची मागची बाजू किंचित वर उचलली गेली, वजन उतरल्यावर उचलली जाते तशी.

मग आणखी थोडी. मग आणखी.

सरदारजी अजून आरशातच बघत होता. दार बंद करायला त्याचा हात बटणावर होता, तो त्याने काढून घेतला.

"और ये बाकी सब?" त्याने विचारलं. "ये भी आपके ही हैं?"