एका खुरानं वाट पडत नाही

डोंगराच्या बेचक्यातल्या झऱ्यापाशी टँकरच्या चाकांच्या खुणा होत्या आणि पाणी तळाला गेलं होतं.

सायजा बघतच राहिली. हा झरा ठाऊक होता फक्त तिला आणि म्हाळूआज्ज्याला. मेंढरं पाणी पिऊन निघाली, की आज्जा निर्गुडीच्या फांदीनं खुरांच्या खुणा झाडत मागून येई. उन्हाळ्यात हे पाणी म्हणजे कळपाचा जीव. मग टँकरवाल्याला सांगितलं कुणी?

"शाळंत बोलली असशील," आज्जा म्हणाला.

"न्हाई आज्जा! बिरोबाची आन!"

"तोंड हाय. कवातरी सुटतंच."

एवढं बोलून त्यानं पाठ फिरवली. तो रागावला असता तर बरं, असं सायजाला वाटलं. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात चांदी मेंढीच्या गळ्यातला पट्टा बोलला. कळपातल्या प्रत्येक मेंढीला एका कंपनीनं असा पट्टा घातला होता. चांदीचा पट्टा त्या सगळ्यांचा म्होरक्या, म्हणून त्याला बोलता येई.

"सायजा खरं बोलते आहे. सांगणारा मी आहे."

आज्ज्याच्या हातची फांदी गळून पडली. "आरं लबाडा! गळ्यात ऱ्हाऊन केसानं गळा कापलास की!"

"मी झऱ्याचं नावही घेतलं नाही," पट्टा शांतपणे म्हणाला. "माझ्यात संवेदक (ताप, हालचाल, जागा ओळखणारे बारीक भाग) आहेत. मेंढीला ताप आला की मी डॉक्टरांना कळवतो. आणि मेंढी कुठं आहे, ते आभाळातल्या उपग्रहावरून ओळखून कंपनीला पाठवतो. ही झाली विदा (यंत्रानं गोळा केलेली माहिती)."

"पण मेंढी कुठं आहे, यात पाण्याचं काय आलं?" सायजानं डोळे पुसत विचारलं.

"मातीत एकच खूर उमटला, तर काय कळतं?"

"मेंढी गेली, एवढंच."

"आणि रोज भर दुपारी सगळी मेंढरं एकाच जागी थांबली तर?"

सायजा थबकली. "तर तिथं पाणी असणार! एका खुरानं वाट पडत नाही. कळपानं पडते!"

"तसंच झालं. कंपनीनं त्या खुणांचा नकाशा करून टँकरवाल्याला दिला."

आज्जा दगडावर टेकला. "मी भुईवरच्या खुणा झाडत बसलो. आभाळातल्या कुणी झाडायच्या?"

"माहिती पाठवू का, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"तापाची म्हनून हो म्हनलो! पावण्याला पाणी प्यायला घरात घेतलं, म्हनून त्यानं उतरंड उघडून बघायची व्हय?"

"नाही. म्हणून त्याला संमती (समजून-उमजून दिलेला होकार) म्हणता येत नाही. माहिती ज्या कामासाठी घेतली, त्याच कामाला वापरायची असते. मी एकेक गोष्ट वेगळी विचारायला हवी होती."

"मग आता विचार," सायजा म्हणाली.

"ताप मोजू?"

"मोज."

"डॉक्टरांना कळवू?"

"कळीव बाबा," आज्जा म्हणाला.

"मेंढरं कुठं आहेत, हे कंपनीला सांगू?"

"न्हाई!" दोघं एकदमच ओरडले. चांदी दचकली.

"आणि एखादी हरवली तर?"

सायजानं जरा विचार केला. "तर आम्हालाच सांग. सगळी मुक्कामाच्या तळावर आली, की पुसून टाक."

"बरं. कंपनीकडच्या जुन्या नोंदी पुसा, असंही कळवतो. पण टँकरवाल्यानं पाहिलं, ते त्याच्या डोक्यातून पुसता येणार नाही."

"ठाव हाय," आज्जा म्हणाला. "सुटल्याली मेंढी घरी येती. सुटल्याली गोष्ट येत न्हाई."

तो उठला, फांदी उचलली आणि कड्याच्या वरच्या अंगाला चालू लागला. जागा कळवताना पेटणारा पट्ट्यावरचा हिरवा दिवा विझला. करवंदीच्या जाळीमागं आणखी एक पाणी होतं. सायजालाही त्यानं ते कधी दाखवलं नव्हतं. मेंढरं पोटभर प्याली.

परत निघताना सायजा सवयीनं पुढं झाली, तर आज्ज्यानं हाक मारली. फांदी तिच्यापुढं धरली होती.

"घे. आजपासनं वाट तू झाडायची."

सायजानं एकेक खूण नीट झाडली. पलीकडच्या माळावर दुसऱ्या कळपाच्या घंट्या वाजत होत्या. त्या मेंढरांच्या गळ्यातही कंपनीचे पट्टे होते.

"आज्जा, त्यांच्या पट्ट्यांनाबी असं एकेक विचारायला शिकवूया?"

"शिकवू की," आज्जा हसला. "फकस्त झऱ्याचं नाव न घेता."