जोडीची तार

आई गेल्यापासून बाब एल उएद वस्तीतल्या आमच्या घरात मँडोलिन वाजलं नव्हतं. बाबांची बोटं संधिवाताने आखडली होती आणि पोलादी तारा दाबायला जोर लागतो. ते दिवसभर बाल्कनीत बसत, जेवण अर्धवट सोडत. वाळत चालले होते. मग मी युकुलेली आणली, गिटारसारखं छोटंसं वाद्य. तिच्या नायलॉनच्या तारा मऊ असतात.

"हे खेळणं कुणाचं, वासिला?" बाबा म्हणाले. "आणि तारा चारच? बाकीच्या दुकानदाराने खाल्ल्या?"

"हिला चारच असतात, बाबा."

"मँडोलिनला आठ. दोन-दोनच्या जोड्या. इथे जो तो एकटा. माझ्यासारखा."

जोडीतली पहिली तार बाबा सुरात लावत, दुसरी आई. लग्नापासूनचा रिवाज. दोन तारांत किंचित फरक असला की सूर थरथरतो. फरक मिटत जातो तशी थरथर संथ होते आणि थांबते. मी शाळेत हे नादकाटे घेऊन शिकवते. आई शाळेत गेली नव्हती. खुंटी पिळत ती नुसतं म्हणायची, "थांबा हो, आलेच."

शुक्रवारी कुसकुसचं जेवण झाल्यावर बाबांनी युकुलेली मांडीवर घेतली. "तुझं मन राखायला," म्हणाले आणि एक तार छेडली.

सूर थरथरला.

एकट्या तारेचा सूर असा थरथरत नाही. चहाचे पेले किणकिणत असतील म्हणून मी तबक आत नेलं. खिडकी लावली. भिंतीवरच्या मँडोलिनवर तळवा ठेवला. ते गप्प होतं. मग मीच ती तार छेडून पाहिली. कोरडा, सरळ, एकेरी सूर.

बाबांनी छेडली. थरथर.

"बाबा, खुंटी फिरवू नका ना."

"मी कुठे फिरवतोय?"

त्यांचा एक हात युकुलेलीच्या मानेवर होता, दुसरा तारेवर. खुंट्यांपाशी कुणाचाच नव्हता. ते पुन्हा पुन्हा छेडत राहिले. थरथर संथ झाली. आणखी संथ.

थांबली.

"सावकाश," बाबा हळूच म्हणाले. माझ्याकडे न बघता. "घाई नाही मला."

मग त्यांनी स्वतःच्या लग्नातली जुनी धून वाजवली. पूर्ण. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या गालांवर रंग दिसला. मला रडू आलं.

धून संपली. त्यांनी चारही तारांवर पंजा टेकवला.

त्यांचा सूर थांबला. दुसरा अजून वाजत होता.