नव्वदला येणारी थरथर

उस्ताद त्या दिवशी स्पेअर पार्टच्या दुकानात गेली होती एका बेअरिंगसाठी, आणि परतली ती एक अख्खी गाडी गळ्यात पाडून घेऊन.

उस्ताद हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाराव्या वर्षी तिने मामाच्या गॅरेजमध्ये एकटीने चाक बदललं, तेव्हा मामाने चेष्टेत हाक मारली, “या, उस्ताद.” पुढच्या सोळा वर्षांत त्या चेष्टेचं खरं कधी झालं, ते मामालाही कळलं नाही.

दुकानात काउंटरशी एक उंच माणूस उभा होता. इतका नीटनेटका, की त्याची नखंसुद्धा स्वच्छ होती. उस्तादने नकळत आपले हात खिशात घातले. दुकानदार त्याच्यापुढे अॅल्युमिनियमचा एक लांबलचक, चकचकीत शाफ्ट ठेवून रंगात आला होता.

“हा बसवा साहेब, वीस घोड्यांची ताकद वाढलीच म्हणून समजा.”

उस्तादला हसू आवरलं नाही. दुकानदाराने डोळे वटारले. त्या माणसाने वळून पाहिलं.

“वाढणार नाही का?”

“एका घोड्याचीही नाही,” ती म्हणाली. “शाफ्टचं काम एवढंच, की इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत पोचवायची. पोलादाचा शाफ्ट जड असतो, तो फिरवण्यातच इंजिनाचा थोडा दम जातो. अॅल्युमिनियमचा हलका असतो, म्हणून गाडी पटकन उचल घेते. ताकद तेवढीच. फुकट जाते ती कमी.”

“मग कार्बन फायबरचा घ्यावा. तो तर याहून हलका ना?”

“शर्यतीत पळवता गाडी?”

“दवाखान्यात नेतो. दातांचा डॉक्टर आहे मी.”

“मग कशाला तो? खालून दगड लागला की तडा जायची भीती. अॅल्युमिनियमचाच घ्या. फक्त हा नको, याचा नळा बारीक आहे. एवढा लांब शाफ्ट बारीक असला की वेगात मधोमध झुलायला लागतो, दोरीवरच्या उड्यांची दोरी झुलते तसा. तो मागचा, जाडा दिसतोय ना... तो घ्या.”

दुकानदाराने तोंड वाकडं करत मागचा जाडा शाफ्ट पुढे ओढला. डॉक्टरने शाफ्टकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“आणि बसवणार कोण?”

“कुठल्याही चांगल्या गॅरेजात—”

“तुमच्या हाताला ग्रीस आहे,” तो म्हणाला. “खिशात घालायच्या आधी बघितलं मी.”

उस्ताद, जिने गिऱ्हाइकांशी भांडताना कधी शब्द शोधला नव्हता, ती गॅरेजचा पत्ता सांगून मोकळी झाली. बेअरिंग घ्यायचं राहूनच गेलं.

गाडी त्याच्या आत्याची होती. दोन दारांची, लांब नाकाची, खोल आवाजाची. आत्याने ती हौसेने पळवली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर भाच्याच्या हवाली केली. गाडीच्या पोटाखालचा जुना शाफ्ट दोन तुकड्यांचा होता आणि मधलं बेअरिंग कण्हायला लागलं होतं. आता त्या दोन तुकड्यांच्या जागी हा एकच अॅल्युमिनियमचा तुकडा बसणार होता.

“हे काम तुझं तू कर,” मामा म्हणाला. “मी हात लावणार नाही.”

असं काम मामाने तिच्यावर पहिल्यांदाच पूर्ण सोपवलं होतं. उस्ताद वरकरणी म्हणाली, “बरं.” मग एकही पाना मळलेला नसताना तिने सगळे पुन्हा पुसून काढले.

जुना शाफ्ट उतरला, नवा चढला, बोल्ट आवळले. मग आलं खरं नाजूक काम. पुढे गिअरबॉक्सचं तोंड आणि मागे चाकांच्या अॅक्सलचं तोंड, या दोघांचे कोन एकमेकांशी जुळावे लागतात. जरा इकडचं तिकडे झालं, की शाफ्ट वेगात थरथरतो. मामाचा नियम असा, की गाडी जशी चालते तशीच मोजायची. चाकं जमिनीवर, चालवणारा आपल्या सीटवर. कारण माणूस बसला की गाडी दबते, आणि गाडी दबली की कोन बदलतो. या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा तर जुन्या आणि मऊ होत्या.

म्हणून डॉक्टरला स्टिअरिंगपाशी बसवून उस्ताद खाली खड्ड्यात उतरली. डोक्यावर गाडीचं पोट, एका हातात पाना, दुसऱ्या हातात कोन मोजायचं मीटर. कोन ठरवणारा नट पाव फेरा फिरवायचा, आकडा बघायचा, पुन्हा फिरवायचा.

वरून मामाचा आवाज आला.

“घरी कोण कोण असतं?”

“आत्या आणि मी. आईवडील लहानपणीच गेले. आत्यानेच वाढवलं.”

“अरेरे. आत्यांची तब्येत?”

“गुडघे सोडले तर माझ्याहून बरी.”

“आणि... लग्न वगैरे?”

उस्तादने कपाळावर हात मारला. कपाळाला ग्रीस लागलं. पण पाना थांबला, हेही खरं.

“नाही जमलं अजून,” वरून उत्तर आलं. “माझ्याकडे येणारा प्रत्येक जण तासभर तोंड उघडून बसतो, पण बोलता कोणालाच येत नाही. ओळख व्हायची कशी?”

मामा खदाखदा हसला, तशी गाडीही जराशी हलली. खाली उस्तादही हसली, एकटीच, अंधारात. मग मीटर बघितलं. आकडा बरोबर होता. तिने नट आवळून टाकला.

चाचणीला ती स्वतः चालवायला बसली, तो शेजारी, आणि तिची हत्यारांची जड पेटी मागे. पेटीशिवाय उस्ताद कुठेच जात नसे. गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर काटा साठ, ऐंशी, नव्वद, शंभर... गाडी लोण्यातून चालावी तशी चालली.

“कशी आहे?” तिने विचारलं.

“छान,” तो म्हणाला. तो रस्त्याकडे बघत नव्हता, ही गोष्ट उस्तादने डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपली आणि दुसऱ्या क्षणी मनातून पुसून टाकली. निदान तसा प्रयत्न केला.

पुढच्या शनिवारी तो परत आला.

“नव्वदला थरथरते,” तो म्हणाला. “सीटखालून येते. अगदी बारीक, पण येते.”

उस्तादने हातातलं काम तिथेच टाकलं. तिने पेटी मागे टाकली, त्याला शेजारी बसवलं, गाडी मोठ्या रस्त्यावर घातली. नव्वद. पंच्याण्णव. परत नव्वद. काही नाही.

“कुठे थरथरते?”

“आता नाही थरथरत,” तो गोंधळून म्हणाला. “पण काल थरथरत होती. शपथ.”

दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी तेच. चौथ्या शनिवारी तेच. उस्तादने बोल्ट तपासले, सांधे तपासले, शाफ्टवर चुकून चिखल चिकटून तोल गेलाय का तेही बघितलं. सगळं जिथल्या तिथे. तो तिच्या शेजारी असला की गाडी शहाण्यासारखी चालायची, आणि तो म्हणायचा, एकटा असलो की थरथरते.

आता इथे एक सांगायला हवं. बाई गाड्या दुरुस्त करते म्हटल्यावर गाडीत काही बिघाड नसताना गाडी घेऊन येणारे महाभाग उस्तादने पुष्कळ बघितले होते. कोणाला न येणारा आवाज ऐकू यायचा, कोणाचा न गळणारा ब्रेक गळायचा. अशांना ती दारातूनच वाटेला लावायची. आणि आता हा... डॉक्टर. शनिवारची सकाळ झाली की तिचे कान रस्त्याकडे लागायचे, त्या गाडीचा खोल आवाज ओळखीचा झाला होता, आणि आवाज आला की आनंद व्हायचा, आणि आनंद झाला की स्वतःचाच राग यायचा. थरथर खरी असेल तर तिचं काम खोटं. थरथर खोटी असेल तर माणूस खोटा. यातलं नेमकं काय खरं निघालेलं आपल्याला आवडेल, याचा विचार करून करून तिच्या डोक्याचा भुगा झाला. मामाला विचारावं, तर तो म्हणाला होता हात लावणार नाही, आणि तोंडही उघडेना. नुसता मिशीत हसायचा.

पाचव्या शनिवारी तो आला आणि काही बोलायच्या आत उस्ताद म्हणाली, “नव्वदला थरथरते. हो ना?”

“हो.”

“डॉक्टर, तुमच्या गाडीत काहीही बिघाड नाही. चार वेळा बघितलंय मी. तुम्हाला इथे यायचं असेल म्हणून तुम्ही—” तिने पाना खाली ठेवला. “उगाच कोणाला शेंडी लावू नका. पुन्हा येऊ नका.”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

“महिनाभर मला वाटतंय, माझाच हात थरथरतो,” तो हळूच म्हणाला. “दातांच्या डॉक्टरला असं वाटणं बरं नाही हो. रात्री पेला हातात धरून बघतो, पाणी हलतं का.” त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. “तुम्ही एकट्या जाऊन या. मी इथे बसतो. थरथरली नाही, तर खरंच पुन्हा येणार नाही.”

तो स्टुलावर जाऊन बसला. उस्ताद रागाच्या भरात गाडीत बसली, पेटीबिटी न घेता, आणि सुटली.

साठ. ऐंशी. कोवळं ऊन काचेवर आणि शेजारची सीट रिकामी. तिने एकदा तिकडे बघितलं... उगाच. नव्वद.

सीटखालून बारीक थरथर आली.

तिने वेग कमी केला. थांबली. पुन्हा नव्वद केला. पुन्हा थरथर. उस्तादने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसती बसून राहिली. माणूस खरा होता. हे कळल्यावर पहिल्यांदा तिला काय वाटलं असेल, तर सरळ आनंद. आपलं काम चुकलं याचं वाईट वाटायला पुढचं एक मिनिट लागलं. मग मात्र वाटलं, भरपूर वाटलं.

पण चुकलं कुठे? आज काय वेगळं आहे? तो नाही. पेटी नाही. गाडीत वजन कमी आहे. म्हणजे कोन मोजला तेव्हा गाडीत वजन जास्त होतं. पण तेव्हा तर डॉक्टर एकटाच...

मामा हसला तशी गाडी हलली होती.

बाहेर उभा राहून हसणाऱ्या माणसाने गाडी कशी हलेल?

ती गॅरेजात शिरली तेव्हा मामा आणि डॉक्टर चहा पीत बसले होते.

“मामा, मी खड्ड्यात कोन मोजत होते तेव्हा तू कुठे होतास?”

“कुठे म्हणजे? यांच्या शेजारच्या सीटवर. उभ्या उभ्या माणसाची चौकशी करतात का?”

“तुझं वजन शंभर किलो आहे, मामा!”

“अठ्ठ्याण्णव,” मामा म्हणाला. “आणि मला वाटलं तुला ठाऊक आहे. तू तर खाली सगळं ऐकत होतीस.”

उस्तादने डॉक्टरकडे बघायचं टाळलं, मग टाळायचं सोडून दिलं.

“चूक माझी,” ती म्हणाली. “हात खरंच चांगला आहे तुमचा. गाडी दोन माणसांच्या वजनावर लावली गेली. म्हणून आपण दोघं असलो की नीट, आणि एकटं कोणी बसलं की थरथर. एवढं वजन वर चढलेलं मला खालून कळायला हवं होतं. पण माझं लक्ष नव्हतं.”

“कुठे होतं लक्ष?”

“तुमच्या उत्तराकडे.”

“कुठल्या उत्तराकडे?” त्याला कळलं होतं. कान लाल झाले होते त्याचे.

“लग्नाच्या,” ती म्हणाली. एकदा चूक कबूल करायची, तर पुरती करावी.

डॉक्टरने कप खाली ठेवला. चहा हलतो का, हे या वेळी त्याने बघितलं नाही.

“मग मीही एक सांगतो. थरथर खरी होती. पण माझा दवाखाना घरापासून दोन किलोमीटरवर आहे. तिथे जाताना गाडी चाळिसाच्या वर जातच नाही.” तो थांबला. “दर शुक्रवारी मी मुद्दाम मोठ्या रस्त्यावर जायचो... अजून थरथरते का बघायला. थरथरली की बरं वाटायचं.”

उस्ताद हसली नाही. हसली असती तर रडूही आलं असतं. ती पाना घेऊन खड्ड्याकडे वळली.

“चला, बसा सीटवर. एकटे. मामा, तू तिकडे लांब, भिंतीपाशी.”

“असू दे ना तसंच,” डॉक्टर म्हणाला. “दोघांची आहे, तर दोघांचीच राहू दे.”

“नाही. माझ्या हातची गाडी एकट्यालाही नीट चालली पाहिजे.” मग खड्ड्यात उतरता उतरता, मान वर न करता ती म्हणाली, “तुम्हाला इथे यायला थरथर लागता कामा नये.”

एकट्यावर मोजून, दोघांनाही चालेल असा मधला कोन तिने साधला. अर्ध्या तासात काम झालं. पेटी मागे टाकून दोघं गेले, मग ती एकटी गेली, मग तो एकटा गेला. नव्वद, पंच्याण्णव, शंभर. गाडी गुमान चालली. तो किल्ली घेऊन घरी गेला, आणि तो गेल्यावर उस्तादला वाटलं, आपण हे काय करून बसलो? आठवडाभर तिचं कशातच चित्त लागेना. एका गाडीत तिने तेल भरलं आणि झाकण लावायचं विसरली. मामाने न बोलता लावलं.

शनिवारी सकाळी ती रस्त्याकडे कान लावून बसली. दहा वाजले. त्या खोल आवाजाचा पत्ता नाही. साडेदहा झाले. नाहीच.

“कोणी आहे का?”

ती दचकून वळली. तो दारात उभा होता, घामाघूम. चालत आला होता.

“गाडी कुठे?” तिने विचारलं.

“घरी. एकदम नीट आहे.”

“मग तक्रार काय?”

“काही नाही.”

“गाडीत बिघाड नसताना गाडी घेऊन येणाऱ्यांना मी हाकलून देते,” ती म्हणाली. आवाज हवा तेवढा कडक निघाला नाही.

“म्हणून तर गाडी आणली नाही.”

उस्तादने हात पुसायला फडकं घेतलं, आणि मग न पुसताच ठेवून दिलं. पायाने दुसरं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तो बसला. ती शेजारी बसली.

मामाला एकाएकी खड्ड्यात काहीतरी काम आठवलं, आणि तो पाना घेऊन खाली उतरला. खड्ड्यावर त्या वेळी एकही गाडी नव्हती.