जीभ धर, राघो

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण खोटंच रचायचं असतं, तर मी त्यात स्वतःला इतकं हलकं दाखवलं नसतं.

१९४१ साल. फाल्गुनातली दुपार. शहापूरच्या एका खासगी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो.

वाळू ठाकर राबासाठी, म्हणजे भाताची जमीन भाजायला, फांद्या तोडत होता. एक फांदी डोक्यात बसली आणि कवटीचं हाड आत दबलं. त्याची बायको, बाईजा, त्याला डोलीतून घेऊन आली.

मुंबईपर्यंत तो टिकला नसता. डॉक्टरांनी फक्त डोक्याची कातडी बधिर केली. त्याला शुद्धीत ठेवूनच हाड उचलायचं होतं. मी उशाशी उभा होतो. जबडा धरायचा आणि त्याला बोलतं ठेवायचं, एवढंच माझं काम.

"बोलतोय तोवर श्वास मोकळा," डॉक्टर म्हणाले.

मी हनुवटी धरली, पण मध्ये फडकं घेऊन. आमच्या घरात शिवाशिवीचं फार होतं.

"बैल किती रे तुझे?"

"दोन. तिसरा मी." वाळू हसलासुद्धा.

आणि त्याला झटका आला.

बोलणं थांबलं. घशात घरघर सुरू झाली...

मग तीही थांबली.

"जीभ मागे पडली! राघो, बोटं घाल, जीभ धर!" डॉक्टरांचे दोन्ही हात जखमेत अडकले होते.

वाळूचं तोंड उघडं होतं. लाळ गळत होती.

"चिमटा आणतो," म्हणून मी पळालो. चिमटा पलीकडच्या खोलीत होता. बोटं माझ्याजवळच होती.

परत आलो तर वाळूचे ओठ काळेनिळे पडलेले. डॉक्टरांनी स्वतःच त्याच्या तोंडात हात घातला होता. उशीर झाला होता.

बाईजाला मी सांगितलं, "देवाची मर्जी." मग घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली. सांगायची लाज वाटते, पण केली.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, रिकाम्या टेबलावरून घरघर ऐकू आली...

थांबली.

मग रोज. अन्न गोड लागेना. पंधराव्या दिवशी मी बाईजाच्या पाड्यावर गेलो. सगळं कबूल करायचं ठरवून.

मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "तो रोज येतो, दादा. उंबऱ्यात बसतो, तोंड उघडं टाकून. पानी नाय घेत, भाकर नाय घेत. काय मागतो, तुमीच सांगा."

मला कळलं होतं. तरी मी उलट विचारलं, "कधी येतो?"

"आतापन बसलाय..."

उंबरा रिकामा होता.

पण माझ्या गुडघ्याशी गरम श्वास लागला. घरघर आली...

थांबली.

"दादा, कायतरी करा!" बाईजा ओरडली.

हात फक्त पुढे करायचा होता.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

त्यानंतर ती घरघर कुणालाच ऐकू आली नाही. तो कुठे गेला, मला माहीत नाही.

भुताला घाबरलो, असं मी लोकांना सांगतो. ते खरं नाही.

मला त्या लाळेची किळस आली होती... दुसऱ्यांदा.